राणीची टोचणी

राजा म्हटला की त्याच्या पुढेमागे हांजी हांजी करणारे आलेच. ते कुणी नेमावे लागत नाहीत, गुळाला मुंगळे लागावेत तसे आपोआप लागतात. हे ओळखून त्या राज्यातल्या जुन्या जाणत्यांनी एका माणसाला मुद्दाम उलट्या कामावर नेमायची पद्धत पाडली होती. त्या माणसाला 'टोचणी' म्हणत. टोचणीने राजाच्या मागेमागे फिरायचं, तो काय बोलतो, काय करतो, कुणाशी कसा वागतो ते पाहायचं आणि दर सहा महिन्यांनी भरदरबारात उभं राहून त्याची एक खोट सगळ्यांदेखत सांगायची. एकच सांगायची, पण ती खरी असायला हवी.

पदावर असेपर्यंत टोचणीने राजाच्या कौतुकाचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही, असा एक नियम होता. दुसरा नियम जास्त कडक होता. सांगितलेली खोट खरी की बनावट हे राज्यातल्या तिन्ही जमातींचे म्होरके ठरवत. ती बनावट निघाली, किंवा टोचणी गप्पच राहिली, तर ती राजाला घाबरली किंवा फितली असं समजत, आणि राजाला त्याच दिवशी गादी सोडावी लागे. असं एकदाच घडलं होतं, फार पूर्वी. तेव्हा नवा राजा ठरेना म्हणून तिन्ही जमातींनी आपापले पूल उखडून नेले होते, आणि माणसं पलीकडच्या काठावरच्या लेकीबाळींना नुसता हात हलवून दाखवत होती.

सध्याची टोचणी ही आधीच्या टोचणीची मुलगी. सगळं शहर तिला टोचणीबाई म्हणे. नवरा पाव भाजायचा, घर भट्टीच्या वरच्या मजल्यावर, त्यामुळे बाईंच्या अंगाला कायम गरम पावाचा वास. तो वास आला की राजवाड्यातले कारकून पाय टेबलाखाली घेऊन ताठ बसत. तिच्या वडिलांच्या वेळी काम सोपं होतं. जुना राजा आळशी, खादाड, विसराळू आणि वर कानाचा हलका. वडील हातातला घास तसाच धरून विचार करत बसायचे, या खेपेला झोपेचं सांगावं की खाण्याचं. त्यांना शोधावं लागलंच नाही, फक्त निवडावं लागलं.

तो राजा गेला आणि गादीवर कुणाला बसवायचं यावरून जुंपली. डोंगरवाल्यांना डोंगरातला माणूस हवा होता. हे डोंगरवाले दोन पुरुष उंच आणि बोलायला भलते सावकाश. न्याहारीला सुरू केलेलं वाक्य दुपारच्या जेवणाला संपायचं. पाणवाल्यांना पाण्यातला माणूस हवा होता. त्यांच्या बोटांना पडदे, आणि अंग ओलं राहिलं नाही तर जीव कासावीस व्हायचा. मीठवाले सगळ्यांत बुटके आणि सगळ्यांत तापट. ते कधी खाली बसत नसत, बसलेला माणूस आजारी असतो असं त्यांचं मत. त्यांना अर्थातच मीठवाला हवा होता. वाद विकोपाला गेला तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे तिघे एका दालनात येत नाहीत, पण एका नावेत मुकाट्याने बसतात. ती नाव एक तरुण पोरगी चालवायची. झालं, नावाडीण राणी झाली.

आणि टोचणीबाईंची पंचाईत झाली. कारण ती पोरगी चांगली निघाली!

चांगली म्हणजे किती चांगली? पहिल्याच महिन्यात तिने दरबाराचं दालन पाडून नव्याने बांधून घेतलं. डोंगरवाल्यांसाठी छत उंच केलं, पाणवाल्यांसाठी मधोमध हौद केला, मीठवाल्यांना समोरच्याचे गुडघे सोडून तोंड दिसावं म्हणून भिंतीलगत उंच ओटा बांधला. जुना राजा डोंगरवाल्यांना अर्ध्यावर तोडायचा. "आम्ही जास्तीचं लाकूड द्यायला तयार आहोत" एवढं ऐकून तो निघून जायचा, आणि "असं कुणी समजू नये" हे शब्द रिकाम्या दालनात पडायचे. त्यापायी किती भांडणं झाली होती. नव्या राणीने विणकाम आणलं. सुया चालवत ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत बसायची, आणि त्यातून थंडीत पहारेकऱ्यांना मोजे मिळाले.

मीठवाले आणि पाणवाले यांचं कालव्यावरून पिढीजात वैर. मिठागरात खारं पाणी सोडलं की ते पाणवाल्यांच्या घरात शिरायचं आणि पोरांचे डोळे चुरचुरायचे. राणीने कालव्याला दार बसवलं आणि दाराला दोन कुलपं लावली. एकाची किल्ली यांच्याकडे, दुसऱ्याची त्यांच्याकडे. आता भांडायचं म्हटलं तरी आधी एकत्र यावं लागे. एकत्र आल्यावर माणसं किती वेळ नुसती भांडणार? सहा महिन्यांत एक लग्न जमलं.

टोचणीबाई हे सगळं दोन पावलांवरून पाहत होत्या. पाहून त्यांना भरून यायचं. घशाशी शब्द यायचे आणि त्या ते गिळायच्या. हाताखालच्या माणसाने चुकून राणीची तारीफ केली तर मान हलू नये म्हणून त्या स्वतःची हनुवटी धरायच्या.

तरी तीन दरबार निभावले होते. पहिल्या दरबाराच्या आधी राणीने आचाऱ्यावर पळी फेकली. दुसऱ्याच्या आधी ती डोंगरवाल्यांच्या म्होरक्याच्या नातीचं नाव विसरली. तिसऱ्याच्या आधी तिला मिठाच्या चर्चेत डुलकी लागली. प्रत्येक वेळी अगदी गळ्याशी आल्यावर काहीतरी सापडलं, बाईंनी ते दरबारात सांगितलं, म्होरके "खरंय" म्हणाले, राणीने मान खाली घालून ऐकलं. आता चौथा दरबार तोंडावर आला होता आणि बाईंची झोळी रिकामी होती.

"अगं, घोरते म्हणून सांगून टाक," नवरा कणीक मळता मळता म्हणाला.

"घोरत नाही."

"तुला काय माहीत?"

"दाराशी कान लावून ऐकलंय."

"मग अधाशासारखी जेवते म्हण."

"अहो, तुम्ही पाठवता त्या पावातला अर्धा ती पहारेकऱ्यांना वाटते."

"माझा पाव? वाटते?" नवऱ्याचे हात थांबले. "आणि ही खोट नाही?"

बाई हसल्या, पण घास काही उतरेना. खोटं सांगावं तर म्होरके काही दुधखुळे नव्हते. गप्प राहावं तर पोरीची गादी जाणार. कुलपांच्या किल्ल्या पुन्हा भांडणाच्या कामी येणार, पूल पुन्हा उखडले जाणार, आणि सगळं कशापायी, तर टोचणीला राणी आवडते म्हणून. वडील म्हणायचे, माणूस आहे तिथे खोट आहे, दिसत नसेल तर डोळे तपासून घे. बाईंनी डोळेही तपासून घेतले होते. वैद्य म्हणाला, ठणठणीत आहेत.

दरबाराच्या सकाळी घसा सुकला म्हणून त्या पाणी प्यायला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात शिरल्या. पहिली घंटा नुकतीच वाजली होती. दुसऱ्या घंटेला राणीने गादीवर असायला हवं, अशी रीत. आचारी आणि वाढपी दरबार बघायला पुढे गेलेले, चुलीवर एकटं पातेलं रटरटत होतं. मागच्या कोठीतून काहीतरी कुडुमकुडुम आवाज आला. उंदीर असेल म्हणून बाईंनी हातात झाडू घेतला आणि दार ढकललं.

आत पिठाच्या पोत्यावर राणी बसली होती. अंगावर दरबाराचा पोशाख, पायात बूट, नाड्या बांधलेल्या, मुकुट मांडीवर. हातात अर्धं खाल्लेलं गाजर.

"राणी, इथे काय करतेस तू?" राणीला अगं-तुगं करायची मुभा राज्यात फक्त टोचणीला होती.

"मावशी!" राणी दचकून उठली. "तुम्ही इकडे कशा?"

"पाणी प्यायला आले. घंटा झाली. तू तर तयार आहेस. मग अशी लपून का बसलीस?"

राणीला राज्य चालवता येत होतं, मोजे विणता येत होते, पण थाप मारता येत नव्हती. "उशीर व्हायची वाट बघतेय," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुम्हाला सांगायला काहीतरी हवं ना आज. आठवडाभर तुमचा चेहरा बघतेय मी. म्हटलं, दरबाराला उशिरा जावं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडेल, म्हणजे म्होरकेही हरकत घेणार नाहीत."

बाईंच्या हातातला झाडू खाली आला. डोक्यात काहीतरी हळूहळू जागेवर बसत होतं आणि ते बसू नये असं त्यांना वाटत होतं.

"आणि ती पळी?" त्यांनी विचारलं.

"आचाऱ्याला आधी सांगून ठेवलं होतं. तो बरोबर वेळेवर वाकला."

"नातीचं नाव?"

"मावशी, त्या मुलीला मी नावेतून शाळेत सोडायचे. तिचं नाव कशी विसरेन?"

"मग डुलकीसुद्धा..."

"डुलकीत मात्र फजिती झाली. डोळे मिटले तर खरंच झोप यायला लागली. चिमटे काढून जागी राहिले." राणी हसली, पण बाई हसत नाहीत हे पाहून तिचं हसू ओसरलं. "पहिल्या दरबाराच्या आधी तुम्ही जेवण टाकलं होतंत. काका पाव द्यायला आले तेव्हा बोलले. तुमच्या वडिलांचं केवढं नाव. लोक म्हणाले असते, बापाची सर लेकीला नाही. मला ते ऐकवलं नसतं."

टोचणीबाई पोत्यावर बसल्या. पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुख वाटलं. आपल्याला कुणी इतकं जपतंय, आणि आपल्याला कळूही न देता जपतंय, याचं सुख. सख्ख्या आईनंतर एवढी काळजी कुणी केली नव्हती. त्यांना त्या पोरीला पोटाशी धरावंसं वाटलं.

मग दुसरं काहीतरी वाटलं. दोन वर्षं आपण दोन पावलांवरून हिच्यावर नजर ठेवतोय असं आपण समजत होतो. प्रत्यक्षात ही आपल्याला जे दाखवत होती तेवढंच आपण पाहत होतो. आज पळी दाखवली. उद्या काही लपवायचं झालं तर पळी इकडे आणि ते तिकडे. ही नाही लपवणार, ते खरं. पण हिच्यानंतरचा? राजाने आपली खोट आपणच निवडून टोचणीच्या ताटात वाढायची, हे एकदा सुरू झालं की टोचणी कशाला हवी, हांजी हांजीवाले काय वाईट होते?

"उठा ना मावशी," राणी हळूच म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा. मी येते मागून, उशिराने. उशीर तर खराच असेल ना?"

"तू माझ्याबरोबर चल. वेळेवर."

"मग तुम्ही सांगणार काय?"

"ते दरबारात कळेल. राजाला आधी सांगायची पद्धत नाही आपल्यात." बाईंनी तिच्या पाठीवरचं पीठ झटकलं. "आणि ते गाजर ठेव."

दालन खच्चून भरलं होतं. डोंगरवाले मागच्या भिंतीला टेकून उभे, पाणवाले हौदात गळ्यापर्यंत, मीठवाले ओट्यावर एकमेकांना कोपरं मारत. उरल्या जागेत शहरातली सगळी खटपटी माणसं. भट्टी बंद ठेवून आलेला नवरा खांबाआडून मान लांब करून बघत होता. दुसरी घंटा वाजली तेव्हा राणी गादीवर होती.

टोचणीबाई उभ्या राहिल्या. याआधी त्या तीनदा इथे उभ्या राहिल्या होत्या आणि तिन्ही वेळा स्वतःवर खूश होऊन खाली बसल्या होत्या. त्यांनी राणीकडे पाहिलं. ती त्यांच्याचकडे बघत होती, आणि स्वतःची काळजी सोडून बाईंची काळजी करत होती. ते पाहिल्यावर बाईंना शब्द सापडले.

"या राणीची खोट ही," त्या म्हणाल्या, "की तिला माझी कीव आली. मी हिच्यावर इतकी भाळले होते की मला हिच्यात काही दिसेना. हे तिने ओळखलं. तेव्हाच तिने तुम्हा तिघांना सांगायला हवं होतं की टोचणी बोथट झाली, दुसरी द्या. ते न करता तिने लटक्या चुका केल्या आणि माझ्यापुढे टाकल्या. पळी लटकी, विसरणं लटकं, डुलकी लटकी. मी त्या उचलल्या आणि तुम्हाला दाखवल्या. एका बाईची लाज राहावी म्हणून तिने तुमची टोचणी काढून घेतली. राज्य मोठं की मावशी मोठी, हे तिला ठरवता आलं नाही."

मग मीठवाल्यांची म्होरकी ओट्यावरून जवळजवळ खालीच पडली. "म्हणजे मागच्या तिन्ही खोटी?" ती किंचाळली. "म्हणजे पहिल्या दरबारालाच गादी गेली होती की हिची! दीड वर्ष आम्ही कुणाला राणी म्हणतोय?"

ओट्यावर एकच कल्लोळ झाला. हौदातलं पाणी काठावरून सांडायला लागलं. नवऱ्याने खांबाला मिठी मारली. बाईंना वाटलं, संपलं. जिला वाचवायचं तिलाच आपण आपल्या हाताने बुडवलं. पण बोललेलं परत घ्यावं असं मात्र वाटलं नाही.

पाणवाल्यांच्या म्हाताऱ्याने पडद्याचा हात वर केला. "एक सांगा, बाई. आजसाठीही अशी एखादी खोट तयार होती का?"

"होती. उशिरा यायची. पिठाच्या पोत्यावर बसून होती ती."

"ती सांगितली असती तर आम्ही 'खरंय' म्हटलं असतं. तुमचं पद राहिलं असतं, हिची गादी राहिली असती, कुणाला पत्ता लागला नसता."

"नसता."

म्हाताऱ्याने डोंगरवाल्यांकडे पाहिलं. त्यांचा म्होरका बोलायला लागला आणि सगळे थांबले, कारण थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तो म्हणाला की टोचणी फितली तर राजाने जावं हा नियम त्याच्या खापरपणजोबांच्या वेळेचा आहे, त्यांनी तो खरं बाहेर यावं म्हणून केला, आज खरं बाहेर आलं आहे, आणि स्वतःच्या तोंडाने स्वतःचं पद घालवणारी टोचणी फितलेली असते, हे त्याच्या मोठ्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. सूर्य खिडकी सोडून भिंतीवर आला तेव्हा त्याचं वाक्य पुरं झालं.

"खरंय," पाणवाला म्हणाला.

"खरंय," डोंगरवाला म्हणाला. हे मात्र त्याने झटकन म्हटलं.

मीठवाल्यांच्या म्होरकीने नाकपुड्या फुगवल्या, राणीला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "खरंय. गाढव आहे मुलगी. पण नवी टोचणी आता आमची असेल! आम्हाला कशातही खोट दिसते."

यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

रीतीप्रमाणे राणी उठली. खोट ऐकल्यावर राजाने एकच शब्द बोलायचा असतो. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती ताठ उभी होती. "ऐकलं," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली.

टोचणीबाईंनी खांद्यावरचा पदाचा बिल्ला काढला आणि मीठवाल्यांच्या म्होरकीच्या हातात दिला. घराण्यातून पद गेलं. वडिलांची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्या दाराकडे जायला वळल्या, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. आपण आता कोण आहोत हे त्यांच्या तेवढ्यात ध्यानात आलं. त्या परत फिरल्या आणि थेट गादीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"राणीसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी राणी मी पाहिली नाही."

नवरा खांबाआडून पुढे आला.

"तुम्ही ऐकता," बाई म्हणाल्या. "शेवटच्या शब्दापर्यंत ऐकता. इथे तुमच्याआधी कुणी ऐकत नव्हतं. तुम्ही त्या हौदाचं पाणी रोज स्वतः हात घालून बघता, गार आहे का फार. तुम्हाला वाटतं कुणी पाहत नाही. मी पाहत होते. कालव्यावरच्या लग्नात तुम्ही मांडवामागे जाऊन रडलात, आणि बाहेर येऊन म्हणालात, डोळ्यात मीठ गेलं. पहारेकऱ्याची बायको बाळंत झाली तेव्हा त्याच्या जागी दारावर भाला घेऊन कोण उभं होतं, ते मला माहीत आहे. माझ्या बाबांनी तुम्हाला पाहायला हवं होतं. त्यांची नोकरी गेली असती, आणि ते आनंदाने घरी बसले असते."

खोट ऐकताना ताठ राहिलेली राणी आता लालबुंद होऊन इकडे तिकडे बघत होती. "पुरे ना, मावशी," ती पुटपुटली.

"आता मी टोचणी नाही," बाई म्हणाल्या, आणि रडत रडत हसल्या. "आता मला कोण थांबवतं? बसा खाली. अजून मोज्यांचं राहिलंय."

राणी बसली. डोंगरवाले भिंतीला नीट टेकले. दोन वर्षांचं साठलेलं होतं, ते काही एवढ्यात संपणार नव्हतं.